पांढरी पुंगळी

रूबेनभाऊ,

लीड्सच्या त्या कबरस्तानात फावडं कुणी माझ्या हातात दिलं नाही. माझ्या पुढच्या माणसाने तीनदा माती लोटली, फावडं ढिगात उभं रोवलं आणि तो बाजूला झाला. मी आपला हात पुढे करून तसाच उभा. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. लगेच नाकाच्या शेंड्यावर राग. म्हटलं, आजच्या दिवशी, इथेही हा भेदभाव का? तेवढ्यात शेजारचे एक म्हातारे गृहस्थ कानाशी लागले. फावडं हातातून हातात द्यायचं नसतं म्हणाले, आपलं दुःख दुसऱ्याच्या हातात ठेवल्यासारखं होतं. ज्याने त्याने मातीतून स्वतः उचलायचं. मग मी उचललं. तुमच्यावर तीन फावडी माती लोटली आणि परत रोवून ठेवलं.

आज अकरा दिवस झाले. मिलकावहिनींकडे सात दिवस रोज जाऊन बसलो. तुमच्या धर्मात त्या दिवसांत खाली बसतात आणि घरातले आरसे झाकतात, हे या निमित्ताने कळलं. सातव्या दिवशी वहिनींनी मला एक डबी दिली. तिच्याबद्दल सांगायचं आहे. पण सरळ मुद्द्यावर येणं मला कधी जमलंय? तुम्हीच म्हणायचात, "वसंत, तू पेशंटला भूल देतोस की बोलून बोलून झोपवतोस?"

एक मात्र आधीच कबूल करून टाकतो. तुमच्याशी मी एकदा खोटं वागलो आणि ते दहा वर्षं तसंच ठेवलं.

सुरुवात तुम्ही नोकरीला होतात त्या दुकानापासून. पुढे मासेमारीचे गळ, दोऱ्या, रबरी बूट आणि मागच्या काउंटरवर बंदुका. मी तेव्हा हॉस्पिटलात भूलशास्त्राचा रजिस्ट्रार होतो आणि शिकारीशी माझा संबंध एवढाच, की आमच्या विभागाचे कन्सल्टंट शिकार करायचे. ते अमेरिकेत वर्षभर राहून दोन लिव्हरच्या रायफली घेऊन आले होते. खालची कडी पुढे ढकलून मागे ओढली, की रिकामी पुंगळी बाहेर उडते आणि नवं काडतूस आत बसतं, अशी ती तऱ्हा. त्यातली एक मला विकत देऊ केली. पुढची नोकरी मिळायची ती यांच्या रेफरन्सवर, तेव्हा मी 'नको' म्हणतोय थोडाच! आमची ही, सुमन, म्हणाली, "गोल्फ खेळणारा साहेब नव्हता का मिळाला?" लायसन्सच्या चौकशीला कॉन्स्टेबल घरी आला, तर तिने त्याला चहा आणि चिवडा दिला. तो रायफल कुठे ठेवणार हे विचारायचं विसरून चिवड्यात काय काय घातलंय ते विचारत बसला.

तर मी दुकानात आलो. काउंटरवरच्या एका खोक्यातल्या लांबट, टोकदार गोळ्यांची काडतुसं मला फार आवडली. अगदी तेज दिसत होती. माझ्या ठेवणीतल्या इंग्रजीत विचारलं, अशी टोकदार माझ्या मापात मिळतील का? तुम्ही माझं बंदुकीचं सर्टिफिकेट हातात घेतलंत, नाव वाचलंत आणि शुद्ध मराठीत म्हणालात, "मिळाली तरी देणार नाही. बायको-मुलं आहेत ना घरी?"

मी थक्क! यॉर्कशरमध्ये बंदुकीच्या दुकानात, डोक्यावर गोल टोपी घातलेला माणूस माझ्याशी मराठी बोलतोय.

"तुम्ही... कुठले?"

"खडकीचा. अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत एक्झामिनर होतो, बावीस वर्षं. मूळचे आम्ही कुलाब्याकडचे, बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. तेलाचा घाणा चालवायचो. शनिवारी बंद." आणि हसलात. "आता इकडे ये. बघ."

पहिल्या भेटीत 'साहेब' नाही, 'डॉक्टर' नाही, थेट अरे-तुरे. या देशात आल्यापासून पाच वर्षांत माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. मला फार बरं वाटलं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, आता सांगतो.

गळाला लावायचे बुचाचे रंगीत तुकडे तुम्ही काउंटरवर एकापाठी एक मांडलेत. "तुझ्या रायफलीत काडतुसं अशी रांगेत राहतात, नळीखालच्या दुसऱ्या नळीत. मागच्याचं टोक पुढच्याच्या बुडाला. बुडाला काय असतं? टोपी. टोपीवर टोक आपटलं की दारू पेटते. तू एक गोळी झाडलीस, रायफलीला धक्का बसला, आणि मागच्याचं अणकुचीदार टोक पुढच्याच्या टोपीवर बसलं, तर तुझा डावा हात कुठे असतो?"

मी डाव्या हाताकडे पाहिलं. भूल देणाऱ्याला दोन्ही हात लागतात.

"म्हणून चपट्या तोंडाची. दिसायला बावळट, पण गुणाची. आमच्यासारखी."

मग दुसरा प्रश्न, वजनाचा. या मापात दोन वजनं मिळायची, दीडशे ग्रेन आणि एकशे सत्तर. ग्रेन म्हणजे आपली अर्धी गुंज, असं तुम्हीच समजावलंत. हलकी गोळी जोरात जाते, जड गोळी खोल जाते. इथली हरणं लहान, शेळीएवढी, आणि मी झाडणार शंभर यार्डांच्या आतून, तेव्हा दीडशे पुरे, असा तुमचा निवाडा. टोकाशी उघडं शिसं असलेली, म्हणजे आत गेल्यावर फुलेल आणि जनावर जागच्या जागी पडेल. "मारायचंच तर त्याला कळायच्या आत," तुम्ही म्हणालात.

आणि मग तुम्ही जे केलंत ते मी आजवर दुसऱ्या कुठल्याही दुकानदाराला करताना पाहिलं नाही. खोकं उघडलंत, वीसच्या वीस काडतुसं बाहेर काढलीत आणि एकेकाच्या तोंडावरून अंगठ्याचं नख फिरवलंत. सावकाश, डोळे मिटून. दोन बाजूला ठेवलीत. मला तर त्यांत काहीच वेगळं दिसत नव्हतं.

"याला खड्डा आहे. वाकडं जाईल."

"ते नखाने कळतं?"

"बापाची सवय," म्हणालात.

ती गोष्ट पुढे तुमच्या घरी कळली, वहिनींच्या हातचं वालाचं बिरडं खाताना. तुमचे वडील गावात समाजासाठी कोंबड्या-बकरी कापायचे, नियमाने. कापायच्या आधी सुरीची धार नखावरून फिरवायची, एकदा जाताना, एकदा येताना. नखाला कुठे बारीकशी खाच लागली, तरी ती सुरी बाद. जनावराला ओरखडा जाणवता कामा नये, एका हातासरशी संपलं पाहिजे. तुम्हाला रक्त बघवत नव्हतं, म्हणून त्यांची सुरी घेतली नाहीत आणि खडकीला नोकरी धरलीत. "बापाची एक सुरी नको म्हटली आणि जन्मभर लाखो काडतुसांवरून नख फिरवलं. वर बसून तो हसला असेल."

माझ्या शिकारीचा तुकडा तुम्ही कधी तोंडात घातला नाहीत. गोळीने मेलेलं तुम्हाला चालत नाही, ते कोषेर नव्हे. सुमनने खोबरं-धने भाजून केलेल्या रश्श्याचा वास घ्यायचात, "वास तर मटणाला लाजवेल" म्हणायचात आणि आपल्या डब्यातली भाजी काढायचात. पण त्या जनावराला मारणारी गोळी निवडायला दरवर्षी तुमच्याइतका वेळ कुणी लावला नसेल. मी एकदा चिडवलं, "खायचं नाही, मारायचं नाही, मग एवढी उठाठेव कशाला?" तुम्ही म्हणालात, "मरणारं काही कोषेर नाही म्हणून त्याला कमी दुखतं का?"

आता मी खोटं वागलो तो शनिवार. जानेवारी होता, बर्फ पडून गेलं होतं. शहराच्या उत्तरेला एका शेतकऱ्याच्या रानात हरणं नव्या झाडांच्या साली खात होती, त्याने आम्हाला बोलावलं होतं. आम्हाला म्हणजे मला आणि आमच्या कन्सल्टंटसाहेबांना. खिशात तुम्ही निवडलेली काडतुसं होती, पिवळ्याधमक पितळेची. पण दगडी बांधाशी उभं राहिल्यावर साहेबांनी मूठभर काडतुसं माझ्यापुढे धरली. त्यांनी घरी स्वतः भरलेली, कोल्ह्यांसाठी. फार हलकी गोळी, टोकाला भोक, आणि पुंगळी निकेलचा मुलामा दिलेली, पांढरी. "ट्राय दीज," म्हणाले. "मच फ्लॅटर." म्हणजे गोळी जास्त सरळ जाते.

कोल्ह्याची गोळी हरणाला चालत नाही, हे मला कळत होतं. तुम्ही शिकवलं होतं. पण महिन्याभराने माझी मुलाखत होती आणि साहेबांनी रेफरन्स अजून लिहायचा होता. आपल्याकडची माणसं इथे हॉस्पिटलात किती वेळा 'यस सर' म्हणतात, ते मोजायला कुणी बसू नये. मी 'थँक यू सर' म्हटलं, तुमची काडतुसं खिशातच राहू दिली आणि त्यांची भरली.

गोळी हरणीच्या खांद्याच्या हाडावर लागली आणि कातडीखालीच फुटली. ती पडली, उठली आणि तीन पायांवर झाडीत पळाली. तिचा आवाज मी लिहीत नाही. तासभर शोधलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं, म्हणाले संध्याकाळपर्यंत आपोआप मरेल, आणि जेवायला गेले.

मी गाडी काढली आणि तुमच्या दारात आलो. शनिवार, तुमचा पाळायचा दिवस. तुम्ही गाडीत बसत नाही, हातात काही वाहून नेत नाही, हे ठाऊक असून आलो. दुसरं कोण होतं मला? तुम्ही झालेलं ऐकून घेतलंत आणि कोट घातलात. वहिनी म्हणाल्या, "अहो, शनिवारी एवढं लांब चालायचं नसतं ना?" तुम्ही म्हणालात, "तिला ठाऊक आहे का आज शनिवार आहे ते?"

गाडी तुमच्या दाराशी ठेवून मीही तुमच्याबरोबर चालत निघालो. रायफल माझ्या खांद्यावर, आत पुन्हा तुमची काडतुसं. तीन मैल, बर्फातून, तासाभराहून जास्त. त्या तासात मी तुम्हाला खरं सांगू शकलो असतो. प्रत्येक वळणावर वाटलं, आता सांगावं. तुम्ही विचारलंत, किती लांबून, कुठे लागली, कशी पळाली. कुठलं काडतूस हे विचारलं नाहीत. ते तुम्हीच दिलं होतं ना!

"कुठून झाडलीस?" बांधाशी आल्यावर तुम्ही विचारलंत. मी जागा दाखवली. बर्फात ती पुंगळी पडलेली होती, पांढऱ्यावर पांढरी, अर्धी रुतलेली. तुमचा बूट तिच्यापासून वीतभर अंतरावर. तुम्ही खाली पाहिलंत, मग झाडीकडे पाहिलंत आणि चालू लागलात. मी मनात म्हटलं, सुटलो. दिसली नाही.

हरणी तुम्हाला सापडली. कधी शिकार न केलेल्या माणसाला. मी रक्ताचे थेंब शोधत होतो आणि तुम्ही झाडांच्या बुंध्यांवरचं बर्फ बघत होतात, कुठे पुसलं गेलंय ते. काटेरी हॉलीच्या झुडपाखाली ती बसली होती, मान वर. "आता नीट," एवढंच म्हणालात आणि टोपीवर हात ठेवून पाठ फिरवलीत. या वेळी एका गोळीत संपलं.

परत येताना बांधाजवळ तुम्ही थांबलात. माझ्याकडे बघत म्हणालात, "म्हणजे माझंच चुकलं म्हणायचं? दीडशे द्यायला नको होती?"

मी बर्फाकडे बघत राहिलो. "असेल, रूबेनभाऊ," म्हणालो.

असेल! हाच तो शब्द. बावीस वर्षं ज्याच्या नखाखालून खोटं काडतूस सुटलं नाही, त्या माणसाच्या माथी मी माझी चूक मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुंगळी उचलायला परत गेलो, तर ती तिथे नव्हती. बांधाशी बुटांचे ठसे होते. शेतकरी असेल म्हटलं.

रेफरन्स मिळाला. नोकरीही मिळाली.

त्या हिवाळ्यात तुम्ही माझ्याशी कमी बोलायचात. मला वाटायचं, स्वतःला दोष देताय, आणि मी आणखीच मेल्याहून मेल्यासारखा व्हायचो. पुढच्या सीझनला तुम्ही दीडशेचं खोकं बाजूला सारून एकशे सत्तरचं पुढे ठेवलंत. मी म्हणालो, एवढी जड कशाला, इथल्या हरणांना दीडशे पुष्कळ झाली. तुम्ही म्हणालात, "मग त्या दिवशी काय झालं?" मी जड काडतुसं घेऊन घरी.

दरवर्षी हाच वाद. शिलिंग-पेन्स गेले, नवी नाणी आली, वाद तोच. एका हिवाळ्यात कोळशाच्या टंचाईमुळे दुकानांना आठवड्यात तीनच दिवस वीज मिळायची, तुम्ही कंदिलाच्या उजेडात काडतुसांवरून नख फिरवत होतात. म्हणालात, "हे बघ, याला दिवा लागतच नाही." मी म्हटलं, "रूबेनभाऊ, यंदा तरी दीडशे द्या." तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, "मग त्या दिवशी काय झालं?" मी हसून विषय बदलला. सुमनला वाटायचं, आपल्या दोघांचा हा लाडका तंटा आहे.

पण तुमचं ते नख मी घेतलं, भाऊ. ऑपरेशन थिएटरमध्ये सिरिंजमध्ये औषध भरण्याआधी मी प्रत्येक अँप्यूल हातात फिरवून स्वतः वाचतो, खोक्यावर काय छापलंय त्यावर जात नाही. नर्सेस आधी हसायच्या. मग एके दिवशी एकाच ट्रेमध्ये, तशाच काचेची, तेवढीच, पण दहापट तीव्र औषधाची एक अँप्यूल सापडली. टेबलावर एक विशीतली मुलगी झोपायची होती, अपेंडिक्सची. ती घरी गेली. तिला तुमचं नाव माहीत नाही. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही वहिनींना हाक मारलीत, "अगं, याला अजून बिरडं वाढ."

आणि तरीही माझ्या तोंडून ते एक वाक्य निघालं नाही. आपण दोघंही लपवण्यात पटाईत. छातीत दुखतंय हे तुम्ही मला, डॉक्टरला, सांगितलं नाहीत. त्यावर भांडायला आता तुम्ही नाही आहात, म्हणून सोडून देतो.

तर ती डबी. तपकिरीची जुनी पत्र्याची डबी, तुमच्या शिवणाच्या सुया असायच्या तीच असं मला वाटलं. वहिनींनी माझ्या हातात ठेवली. "ही तुला द्यायची असं म्हणायचे." मी उघडली. आत कापसावर ती पांढरी पुंगळी होती.

वहिनी म्हणाल्या, "दुसऱ्या दिवशी रविवारी पहाटेच बसने गेले होते. शनिवारी काही उचलता येत नाही ना. मी म्हटलं, आहे काय एवढं? तर म्हणाले, कुणी दुसऱ्याने बघायला नको."

"मग बोलले का नाहीत, वहिनी? दहा वर्षं?"

"म्हणायचे, मी विचारतोय त्याला दरवर्षी. सांगेल. उशीर लावतोय, पण सांगेल."

रूबेनभाऊ, मला वाटत होतं आपण वाद घालतोय. तुम्ही दरवर्षी दार उघडून उभे राहत होतात आणि मी बाहेरूनच वजनाबद्दल बडबड करून परत जात होतो. जड काडतुसं गळ्यात मारलीत, पण एकदाही घालूनपाडून बोलला नाहीत. तुमचं नाव माझ्यामुळे खाली गेलं असं मी दहा वर्षं समजत होतो. ते तुम्ही खुशाल जाऊ दिलंत, माझं राहावं म्हणून. माझ्या वडिलांनीही माझ्यासाठी इतकं केलं असतं की नाही, मला सांगता येत नाही. रडू येतं, पण खरं सांगू, त्याहून जास्त वाटतं ते हे, की असा माणूस मला परक्या देशात, गळ आणि रबरी बुटांच्या दुकानात, फुकट मिळाला.

काल दुकानात गेलो. तुमच्या काउंटरमागे मालक स्वतः उभे होते. माझ्याकडे बघून त्यांनी सवयीने एकशे सत्तरचं खोकं काढलं. मी म्हटलं, दीडशे द्या. ते म्हणाले, "रूबेनला आवडलं नसतं." मी म्हटलं, त्यांनाच विचारून घेतोय.

मग खोकं उघडलं, वीस काडतुसं काउंटरवर मांडली, डोळे मिटले आणि एकेकाच्या तोंडावरून नख फिरवलं. अठराव्याला खड्डा लागला. ते बाजूला ठेवलं.

तुम्ही विचारत होतात, त्या दिवशी काय झालं. काडतूस साहेबांचं होतं, भरलं मी होतं, भीतीने. तुमची दीडशे बरोबर होती, रूबेनभाऊ. तुम्ही दिलेली सगळी बरोबर होती.